चेक ड्रॉवरमध्येच, पैसे मात्र गेले

पत्र

नमस्कार साहेब,

उदगीरला आमची डाळ मिल आहे, वडिलांच्या काळापासून. मोंढ्यात आडतीचं दुकानही आहे, ते धाकटा भाऊ बघतो. गेल्या महिन्यात आमच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेच्या कर्जाच्या) खात्यातून एका चेकने ३ लाख ८५ हजार रुपये गेले. असा चेक आम्ही कुणालाच दिलेला नाही. ज्या नंबरचा चेक वटला, त्या नंबरचं कोरं पान आजही आमच्या चेकबुकात, ड्रॉवरमध्ये आहे! चेक परराज्यातल्या एका शाखेत, आम्ही कधी नावही न ऐकलेल्या माणसाच्या खात्यात भरला होता. त्या दिवशी दुपारपासून माझा मोबाइल बंद पडला होता. टॉवरचा काही प्रॉब्लेम असेल म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं.

बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, "सही जुळली, खाडाखोड नव्हती, म्हणून पास झाला. आता पोलिसांत जा." पोलिस म्हणाले, चेक जिथे भरला तिथे जाऊन तक्रार द्या. भाऊ म्हणतो, चेकच बंद करून टाकू, सगळं आरटीजीएस, म्हणजे बँकेतून थेट खात्यात. पण आमचे कितीतरी जुने व्यापारी चेकवरच चालतात, त्यांना कसं सांगायचं? आणि आता दुसऱ्याचा चेक घ्यायचीही भीती वाटते. मागे आमच्या व्याह्यांना एक डीडी आला होता, तो खोटा निघाला. मालाची गाडी गेली ती गेलीच.

पैसे परत मिळतील का? पुढे काय काळजी घ्यावी? आणि ते कोरं पान जाळून टाकावं का? आई म्हणते, ते घरात ठेवू नको.

– एक व्यापारी, उदगीर (जि. लातूर)

उत्तर

नमस्कार,

आधी आईंना सांगा, ते पान जाळायचं नाही. आज तुमच्या हातात जो पक्का पुरावा आहे तो तेच कोरं पान आहे. त्यावर 'रद्द' लिहू नका, त्याला स्टेपल मारू नका, चेकबुकातून फाडू नका. अख्खं चेकबुक प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पोलिसांनी ताब्यात घ्यायचं म्हटलं तर पंचनाम्याची प्रत घेऊनच द्या. एका नंबरची दोन पानं आहेत म्हणजे त्यातलं एक खोटं आहे, आणि खरं तुमच्याकडे आहे. हे एकदा कागदावर आलं की "सही जुळली" या वाक्यात फारसा दम राहत नाही.

आता पैशांचं. माझं मत विचाराल तर तुमची बाजू भक्कम आहे आणि तुम्ही बँकेतून फार लवकर परत फिरलात. चेक म्हणजे खातेदाराने बँकेला दिलेला हुकूम. सहीच तुमची नसेल तर हुकूमच नाही, आणि हुकूम नसताना बँकेला तुमच्या खात्यात रक्कम नावे टाकता येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात स्वच्छ सांगितलेलं आहे. त्या कंपनीत हिशेब बघणाऱ्या माणसाच्याच ताब्यात चेकबुक होतं. त्याने खोट्या सह्या करून ४२ चेकांवर सव्वातीन लाखांच्या वर रक्कम काढली होती. बँकेचं म्हणणं, तुम्ही पासबुक बघितलं नाही, इतके दिवस बोलला नाहीत, तुमचाच हलगर्जीपणा. न्यायालयाने ते मानलं नाही आणि भरपाई बँकेवर टाकली. तुमच्या बाबतीत तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी बोललात.

बँकेचे वकील पुढे चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं (चेक, हुंडी यांच्या कायद्याचं) कलम ८९ काढतील. खाडाखोड दिसत नसेल आणि बँकेने सद्‌हेतूने, निष्काळजीपणा न करता पैसे दिले असतील तर त्या कलमाने बँक सुटते. पण ते कलम खऱ्या चेकवर केलेल्या फेरफारासाठी आहे. तुमच्याकडे फेरफार झालेलाच नाही, आख्खा चेकच बनावट आहे. हा फरक तुमच्या अर्जात ठळक लिहा.

आणखी एक गोष्ट बहुतेक व्यापाऱ्यांना माहीत नसते. तुमच्या बँकेने तो चेक हातात घेतलेलाच नाही. चेक ट्रंकेशन म्हणजे सीटीएस आल्यापासून कागद फिरत नाही, त्याचा फोटो फिरतो. चेक जिथे भरला त्या बँकेत कागद राहतो, आणि तुमच्या बँकेतला माणूस संगणकावर चित्र बघून सही ताडतो. वॉटरमार्क, अदृश्य शाई, कागदाचा पोत यातलं काहीही त्याला दिसत नाही. म्हणून कायद्याने कागद तपासण्याची जबाबदारी चेक भरून घेणाऱ्या बँकेवर टाकली आहे. त्याच कायद्याच्या कलम १३१ च्या स्पष्टीकरणात, चेक प्रथमदर्शनी खरा आहे का हे पाहणं तिचं कर्तव्य आहे असं लिहिलं आहे. तो कागद त्या बँकेला १० वर्षं जपावा लागतो. आणि कलम ६४(२) प्रमाणे संशय आला तर तुमच्या बँकेला तो मूळ कागद मागवता येतो.

म्हणजे तुमच्या तक्रारीत दोन बँका आहेत. एकीने कागद पाहून भरून घेतला, दुसरीने चित्र पाहून पास केला. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. अर्जात मागणी अशी करा: सदर चेकची दोन्ही बाजूंची चित्रं द्या, भरून घेणाऱ्या बँकेकडून मूळ कागद मागवा आणि जतन करायला कळवा, ज्याच्या खात्यात पैसे गेले ते खातं गोठवण्यासाठी त्या बँकेला काय व कधी कळवलं ते सांगा, रक्कम चेक वटला त्या तारखेपासून व्याजासह खात्यात जमा करा. व्याजाचं विसरू नका. सीसी खातं आहे, त्या ३ लाख ८५ हजारांवर रोज व्याज चढतंय आणि ते तुम्ही भरताय.

सीसीवाल्यांसाठी आणखी एक सावधगिरी. बँक अधूनमधून तुमच्याकडून बाकी कबुलीचा कागद सही करून घेते. मार्चअखेरीला तर गठ्ठ्याने सह्या होतात, वाचतं कोण! या वर्षी वाचा. तसाच सही केलात तर उद्या बँक म्हणेल, ही बाकी तुम्हीच मान्य केलीत. सहीच्या वर हाताने लिहा: 'अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या बनावट चेकची रक्कम मला मान्य नाही, त्याबाबत तक्रार प्रलंबित आहे.'

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा हात झटकले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पोलिसांत गुन्हा चालू असला तरी लोकपालाकडे जाता येतं. कोर्टात दावा लावून बसलात तर मात्र तो दरवाजा बंद होतो. म्हणून आधी लोकपाल, मग वकील, असा क्रम ठेवा.

पोलिसांनी "तिकडे जा" म्हणणं चुकीचं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि मग ती योग्य ठाण्याकडे वर्ग करावी लागते. लोक त्याला झीरो एफआयआर म्हणतात. बनावट चेकसाठी भारतीय न्याय संहितेची कलमं ३३८ आणि ३४०, फसवणुकीसाठी ३१८. ठाण्यात ऐकलं नाही तर तोच अर्ज पोलिस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा.

मोबाइल बंद पडला हा योगायोग मानू नका. मोठ्या रकमेचा चेक आला की शाखेतून खातेदाराला फोन जातो, नाहीतर एसएमएस तरी जातोच. चोराला हे पक्कं ठाऊक असतं. तुमच्या नावाचं दुसरं सिम काढलं की तुमचा फोन मुका होतो आणि बँकेचा फोन चोर उचलतो: "हो हो, मीच दिलाय, करा पास." मोबाइल कंपनीकडे लेखी मागा की त्या तारखेला तुमच्या नंबरचं सिम बदललं का, कुठल्या दुकानातून, कोणती कागदपत्रं देऊन. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत हे केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. सिमचा घोटाळा निघाला तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. आणि यापुढे भर दिवसा फोनची रेंज एकाएकी गेली तर टॉवरला दोष देण्याआधी दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा. बँकेत तुमच्याबरोबर भावाचाही नंबर आणि ईमेल नोंदवता येतो का ते विचारा. दोघांचे फोन एकाच वेळी मुके करणं जरा अवघड.

आता हे झालं कसं? तुमच्या कपाटातून काहीच गेलेलं नाही, म्हणून तुम्ही मुनीमजींकडे संशयाने बघू लागला असाल तर थोडं थांबा. गेल्या वर्षभरात तुम्ही 'कॅन्सल्ड चेक' किती जणांना दिलात ते आठवून बघा. पोत्यांच्या कंपनीला, विम्याला, मशिनरीच्या कर्जाला, ऑनलाइन माल विकायला नोंदणी केली तिथे, वीज जोडणीला. त्या एका पानावर खातं नंबर, नाव, शाखा, आयएफएससी, खालच्या पट्टीतला कोड असं सगळं छापलेलं असतं, आणि आपले लोक वर सहीसुद्धा ठोकून देतात! चोराला हवं ते सगळं एका पानावर. आणि मधल्या पानाचा नंबर दिसला की त्याच्या पुढचे नंबर अजून कोरे असणार, हेही कळतं. म्हणूनच तुमच्या ड्रॉवरमधल्या पानाचा नंबर त्यांनी बरोबर गाठला. नंबर खराच आहे, वापरलेला नाही, थांबवलेलाही नाही. बँकेच्या संगणकाने का अडवावं?

त्यामुळे पहिला नियम: कॅन्सल्ड चेकवर सही करायची नाही. सही मागायचं काही कारणच नाही, खातं नंबर तपासायला सही लागत नाही. दुसरा: पान द्यायचंच तर संपत आलेल्या चेकबुकातलं शेवटचं द्या, म्हणजे मागची सगळी वापरून झालेली असतात. तिसरा: कित्येक ठिकाणी चेकऐवजी पासबुकाचं पहिलं पान किंवा बँकेचं पत्र चालतं, विचारून तर बघा. आणि चेकचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची सवय सोडा. "पाठवला बघा चेक" म्हणून ग्रुपवर फोटो फिरतो, तो कुठवर जातो हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं.

सीसी खात्याचा नंबर तुमच्या बिलावर छापलेला आहे का? बहुधा असेल. मोंढ्यातल्या निम्म्या बिलांवर असतो. माझा आग्रह असा, की पैसे घ्यायचं खातं वेगळं आणि द्यायचं वेगळं ठेवा. बिलावर, पाटीवर, क्यूआरवर जो नंबर जाईल त्या खात्याला चेकबुकच घेऊ नका. बँकेला लेखी कळवा की या खात्यावर चेकबुक देऊ नये. संध्याकाळी तिथली रक्कम सीसीत वळती करा. मग तो नंबर साऱ्या जिल्ह्याला पाठ झाला तरी चिंता नाही. सीसी असताना दुसऱ्या बँकेत करंट खातं काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे काही निर्बंध असू शकतात, म्हणून हे खातं तुमच्याच बँकेत काढा, सोपं जाईल.

यापुढचं काम या आठवड्यातच करा. पॉझिटिव्ह पे. रिझर्व्ह बँकेने ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आणली. ५० हजार व त्यावरच्या चेकसाठी तुम्ही आधीच बँकेला कळवायचं: चेक नंबर, तारीख, कुणाच्या नावाने, किती रक्कम. नेट बँकिंगवरून, मोबाइल अ‍ॅपवरून, नाहीतर शाखेत कागद देऊन. चेक क्लिअरिंगला आला की हे तपशील ताडले जातात, जुळले नाहीत तर तो अडतो. पाच लाख व त्यावरच्या चेकला हे सक्तीचं करायची मुभा बँकांना दिलेली आहे, आणि बऱ्याच बँकांनी केलं आहे. आता तुमची रक्कम बघा: ३ लाख ८५ हजार. चोराने पाचच्या खालीच राहायचं ठरवलं, ते उगाच नाही.

पॉझिटिव्ह पे सुरू केलं म्हणजे सुटलो असंही नाही. शाखेत जाऊन एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: ज्या चेकची नोंद मी केलेली नाही तो माझ्या खात्यावर आला, तर तुम्ही तो परत पाठवता की पास करता? सगळी मेख इथे आहे. तुम्ही दिलेल्या चेकची नोंद कराल, चोराने छापलेल्या चेकची नोंद कोण करणार? बँक सक्तीच्या रकमेखालचे बिननोंदीचे चेक पास करत असेल, तर तुमची पॉझिटिव्ह पे ही कुंपण एकाच बाजूने घातलेल्या शेतासारखी. काही बँका खात्यापुरती कमी मर्यादा ठरवू देतात, की या खात्यावर ५० हजारांच्या वरचा बिननोंदीचा चेक परतच करावा. तुमची बँक देत असेल तर आजच सही करा. देत नसेल तर तशी विनंती लेखी देऊन ठेवा, उद्या वाद झाला तर ती कामाला येईल. शिवाय सीटीएसच्या पातळीवर वाद सोडवण्याची जी यंत्रणा आहे, तिथे पॉझिटिव्ह पेच्या सूचना पाळलेले चेकच विचारात घेतले जातात, हेही लक्षात असू द्या.

हे कळवायचं काम चेक देण्याआधीच उरकायचं, कारण आता वेळ उरलेला नाही. पूर्वी चेक भरला की एक-दोन दिवस मिळायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभरात ठरलेल्या वेळेत भरलेले चेक स्कॅन होतील तसे लगेच पुढे जातात, आणि देणाऱ्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत होय-नाही कळवलं नाही तर चेक मान्य धरला जातो. व्यापाऱ्याला पैसे लवकर मिळतात, चांगलंच आहे. चोरालाही लवकर मिळतात. रात्री दुकान वाढवताना स्टेटमेंट बघायची जुनी पद्धत आता पुरत नाही. दुपारी चारच्या सुमारास एकदा अ‍ॅप उघडून 'आज आपल्यावर कोणता चेक आलाय' हे बघायचं काम कुणा एकाला नेमून द्या. त्या वेळेला ओरड केली तर चेक अडवता येतो.

चेकबुकाचं घरातलं शिस्तीचं काम तुम्हाला सांगायला नको. ज्याच्याकडे चेकबुक त्याच्याकडे हिशेब नको, दोन सह्यांचं खातं बरं, नवं चेकबुक आलं की पानं मोजून घ्यायची. सध्याच्या चेकबुकातले उरलेले सगळे नंबर 'स्टॉप पेमेंट' करून नवं मागवा. एक नंबर चोराकडे गेला म्हणजे शेजारचेही गेले.

पण एका गोष्टीवर मला थोडं बोलायचंच आहे, पत्रात तुम्ही ती लिहिली नसली तरी. आपल्याकडे उधारीला तारण म्हणून सही केलेले कोरे चेक द्यायची रीत आहे. खताच्या डिस्ट्रिब्युटरला, बियाण्याच्या कंपनीला, फायनान्सवाल्याला, कधी कधी नुसत्या ओळखीवर. बँकेत काउंटरच्या आत बसून मी या चेकांनी झालेली भांडणं बघितली आहेत. इथे बनावट चेकचा कायदा तुमच्या मदतीला येत नाही, कारण तो चेक बनावट नाहीच! पान खरं, सही खरी. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम २० प्रमाणे सही करून कोरा कागद हातात दिला म्हणजे तो भरायचा अधिकार दिला असं धरलं जातं. मग रक्कम जास्त भरली हे तुम्ही सिद्ध करत बसा. तारण द्यावंच लागत असेल तर चेकवर नाव लिहा, दोन रेघा मारून 'अकाउंट पेयी' करा, रकमेची वरची मर्यादा घाला, आणि सोबत पत्र द्या की हा चेक अमुक उधारीच्या तारणाचा आहे, हिशेब मिटला की परत करावा. पत्राच्या प्रतीवर त्यांची सही घ्या. समोरचा नाराज होईल, होऊ द्या.

भावाचं म्हणणं मला निम्मं पटतं. देताना चेक जितका कमी करता येईल तितका करा. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे, एनईएफटीला खालची मर्यादा नाही, दोन्ही आता चोवीस तास चालतात. १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्याचं नाव दाखवायची सोय द्यायची होती. ते नाव वाचल्याशिवाय बटण दाबू नका. घेताना मात्र जुन्या व्यापाऱ्यांचे चेक बंद करायची गरज नाही. वर्षानुवर्षं ज्याचे चेक वटताहेत त्याला एकाएकी "आरटीजीएसच करा" म्हणालात तर तो शेजारच्या आडतीवर जाईल. नियम नव्या गिऱ्हाइकासाठी आणि मोठ्या गाडीसाठी करा.

नियम साधा: पैसे खात्यात आल्याशिवाय गाडी हलायची नाही. 'आले' म्हणजे काय, हेही मुनीमजींना नीट सांगा. चेक भरल्याची स्लिप म्हणजे पैसे नव्हेत; ड्रॉपबॉक्सची स्लिप तर कुणीही भरून फोटो काढू शकतो. 'क्लिअरिंगच्या अधीन' जमा म्हणजेही पैसे नव्हेत. एसएमएस म्हणजे तर मुळीच नव्हेत, तो बनवता येतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये 'उपलब्ध शिल्लक' वाढलेली दिसली, की पैसे आले. नवं गिऱ्हाईक नेमकं शनिवारी दुपारनंतर चेक घेऊन येतं, गाडी दारात उभी असते, हमाल पोती उचलायला तयार असतात आणि ड्रायव्हर घाई करतो. या घाईची किंमत तुमच्या व्याह्यांनी मोजली आहे. आणखी एक नमुना: ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक भरतात आणि "चुकून जास्त गेले, वरचे साठ हजार फोनपेवर परत करा" म्हणून मागे लागतात. चेक नंतर परत येतो, साठ हजार तुमच्या खिशातले गेलेले असतात.

चेक हातात आला तर काय बघावं, हे विचाराल म्हणून सांगतो. उजेडासमोर धरा, कागदात 'सीटीएस इंडिया' असा वॉटरमार्क दिसायला हवा. नोटा तपासायचा निळा दिवा दुकानात असेलच, त्याखाली बँकेचं चिन्ह चमकायला हवं. डाव्या कडेला उभ्या ओळीत छापखान्याचं नाव आणि सीटीएस २०१० असं असतं. शेजारच्या झेरॉक्सवर एक प्रत काढा. खऱ्या चेकच्या प्रतीवर 'व्हॉइड' किंवा 'कॉपी' अशी अक्षरं उमटतात, ती मुळात नजरेला दिसत नाहीत. उलट चेकवरच ती अक्षरं फिकट दिसत असतील तर तुमच्या हातात झेरॉक्सच आहे. खालच्या पट्टीतल्या नऊ आकड्यांत पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे असतात. छापलेल्या शाखेशी ते जुळतात का बघा. रकमेवर, नावावर खाडाखोड असेल तर चेक घेऊच नका, सीटीएसमध्ये तारखेशिवाय दुसरी दुरुस्ती चालत नाही, सही केली तरी.

हे सगळं करूनही फसाल, हे मी आधीच सांगतो. हल्लीचे चोर नवा कागद छापत बसत नाहीत. त्याच बँकेचं खरं पान मिळवून त्यावरची शाई रसायनाने धुतात आणि दुसऱ्याचं नाव, नंबर छापतात. कागद खरा, वॉटरमार्क खरा, निळ्या दिव्याखालचं चिन्हही खरं. धुतलेल्या जागी कधी डाग दिसतो, कधी नाही. म्हणून चेक खोटा ओळखायचं कौशल्य कमवण्यापेक्षा गाडी रोखून धरायची हिंमत जास्त कामाची. डीडीचंही तेच. डीडी म्हणजे रोख, हा समज मोंढ्यातून अजून जात नाही. डीडी आला तर तो काढणाऱ्या शाखेत फोन करून खात्री करा. शाखेचा नंबर मात्र डीडीवरचा किंवा गिऱ्हाइकाने दिलेला घेऊ नका, बँकेच्या अधिकृत साइटवरून शोधा. नाहीतर तुमच्याच शाखेला विचारायला लावा.

आणि असा खोटा चेक परत आलाच, तर घाईने त्याच कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस काढू नका. ते कलम खातेदाराने स्वतः दिलेल्या, न वटलेल्या चेकसाठी आहे. बनावट चेकवर ज्याचं नाव छापलेलं असतं तो बहुधा तुमच्यासारखाच कुणी मिलवाला, दुकानदार असतो आणि त्याला काहीच पत्ता नसतो. आधी बँकेचा परतीचा मेमो वाचा, कारण काय लिहिलंय ते बघा. मग चेकवरच्या फर्मला फोन करा, त्यांचं ते पान अजून त्यांच्या चेकबुकात आहे का विचारा. असेल तर त्याला वर सांगितलेलं सगळं सांगा, आणि तक्रार दोघांनी मिळून द्या. गाडीचा नंबर, बिल्टी (मालवाहतुकीची पावती), ई-वे बिल, ड्रायव्हरचं लायसन्स याच्या प्रती तुमच्याकडे असतील, खात्याचा पुरावा त्याच्याकडे. माल कुठे उतरला ते बिल्टीवरून निघतं, आणि माल खपण्याआधी पोलिस तिथे पोचले तर पोती तरी हाती लागतात.